नातवाला आजाराचं नाव कधी सांगायचं?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओझरतं लिहिलं होतं, की जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं आज कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात, संसार करतात. त्यानंतर पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रांवर नाव नाही. दोन पाकिटांवर तर पत्रातलं गाव एक आणि टपालाचा शिक्का तिसऱ्याच तालुक्याचा. आपल्या गावच्या पोस्टात पाकीट टाकायचीसुद्धा भीती.

मी 2007 पासून एका जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, समुपदेशक आहे. म्हणून या महिन्याचं सदर सगळं याच विषयाला देते. ओळख पटेल असं पत्रांतलं सगळं काढून टाकलं आहे.

नातू अकरा वर्षांचा आहे, सहावीत. तो दोन वर्षांचा व्हायच्या आत माझी सून गेली, मुलगा तिच्याही आधी. मीच वाढवला. रोज रात्री गोळी देते, शक्तीची आहे म्हणून सांगते. परवा म्हणाला, “आजी, वर्गात माझ्याहून बारकी पोरं आहेत, त्यांना नाही लागत शक्तीची गोळी. मलाच का?” मी ताट उचललं आणि मोरीकडं गेले. खरं सांगितलं तर पोर खचंल. अठरा झाल्यावर सांगितलं तर चालंल का? (हे शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलंय. ‘एका ओळखीच्या बाईचं आहे’ म्हणून सांगितलं तिला.)
*— एक आजी, सोलापूर जिल्हा*

आजी, अठरापर्यंत थांबू नका. या दिवाळीपर्यंतही थांबू नका. पोरानं तोंड उघडून विचारलं, म्हणजे त्याच्या मनात हे कधीपासून घोळतंय. दर महिन्याला शाळा बुडवून दवाखान्यात जायचं, रक्त काढायचं, तिथल्या मॅडमनी वजन करायचं, आणि आजीनं वाटेत सांगायचं की कुणी विचारलं तर मामाकडे गेलो होतो म्हण. अकरा वर्षांच्या मुलाला यातून पुष्कळ कळतं. फक्त नाव कळत नाही, आणि नाव नसलेल्या गोष्टीची भीती त्याला एकट्यानं वागवावी लागते.

तुमच्यासारखाच विचार करणारे एक आजोबा माझ्याकडे यायचे. 2013 सालची गोष्ट. नातू तेरा वर्षांचा, आठवीत. रांगेत बसून वहीच्या मागच्या पानावर ट्रॅक्टर काढायचा, अगदी नांगराच्या फाळासकट. मी सांगण्याचा विषय काढला तेव्हा आजोबा म्हणाले, “मॅडम, दहावी होऊ द्या, मग बघू.” मी हो म्हणाले. ते हो म्हणायला नको होतं. दोन महिन्यांत त्यानं बाटलीवरचं नाव मित्राच्या मोबाइलवर शोधलं. घरी एक अक्षर बोलला नाही. रोज रात्री आजोबांच्या देखत गोळी तोंडात टाकायचा, गालात धरायचा आणि गोठ्यात जाऊन गव्हाणीमागे थुंकायचा. पाच महिन्यांत वजन एकतीस किलोवरून सव्वीसवर आलं. खोकला, रात्रीचा ताप. तपासलं तर टीबी. वॉर्डात मी त्याच्या खाटेपाशी बसले तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, “मॅडम, तुम्हाला सगळं माहीत होतं ना?” मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तो वाचला. टीबी बरा झाला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आज तो स्वतःचा टेंपो चालवतो. पण आजोबांशी त्याचं बोलणं पुढे कितीतरी दिवस तुटलेलं होतं. आजाराबद्दल त्याला राग नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं आणि आपल्यालाच नव्हतं, याचा राग होता.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 मध्येच सांगितलंय की शाळकरी वयात मुलाला आपला आजार कळला पाहिजे, वयाला झेपेल तसा, थोडा थोडा. आमच्याकडे साधारण सहा-सात वर्षांपासून सुरुवात करतो. तेव्हा नाव घेत नाही. तुझ्या रक्तात राखण करणारे शिपाई आहेत, एक किडा त्यांना त्रास देतो, गोळी त्या किड्याला झोपवून ठेवते, एवढंच सांगतो. दहा-अकराला नाव. तुमच्या नातवाला आधीचं काहीच सांगितलेलं नाही, तेव्हा दोन्ही एका दिवसात उरकू नका. आधी किड्याची गोष्ट सांगा. आठ-पंधरा दिवस त्याचे प्रश्न येऊ द्या. मग नाव.

दिवस बघून घ्या. परीक्षेच्या आदल्या रात्री नको, भांडणात नको, “गोळी घेत नाहीस ना, मग ऐक तुला काय झालंय ते” असं तर मुळीच नको. सुट्टीची सकाळ बरी, म्हणजे दिवसभर तुम्ही त्याच्याजवळ असाल. आधी त्यालाच विचारा, “तुला काय वाटतं, ही गोळी कशाची आहे?” बहुतेक मुलं अर्धं उत्तर स्वतःच देतात. मग सरळ सांगा: “तुझ्या रक्तात एचआयव्ही आहे. तू पोटात होतास तेव्हा आईकडून आला. आईला तेव्हा माहीत नव्हतं. तिची चूक नाही, तुझी तर नाहीच नाही. रोज गोळी घेतलीस तर तू माझ्याएवढा म्हातारा होशील.” हे शेवटचं वाक्य धीर द्यायला म्हणून सांगत नाही मी. वेळेवर औषध घेणारं मूल आज पुरं आयुष्य जगू शकतं.

तो विचारेल, आई याच आजारानं गेली का? हो म्हणा. तिला औषध उशिरा मिळालं, तुला वेळेवर मिळालंय, हेही म्हणा. विचारेल, मित्राला सांगू का? त्याला सांगा, की ही आपल्या घरातली गोष्ट आहे. आपल्या घरात पैसे किती आहेत हे आपण वर्गात सांगतो का, तसंच. कुणाला सांगावंसं वाटलं तर आधी माझ्याशी बोल. ‘लपव’ हा शब्द मात्र वापरू नका, आजी. लपव म्हटलं की मुलाला वाटतं आपण काहीतरी घाण केलीय.

तो रडेल, गप्प होईल, कदाचित एक-दोन दिवस जेवणार नाही. माझ्या खोलीत शेकडो मुलांना हे सांगून झालंय. पहिल्या आठवड्यापुरतं खचलेलं मूल मी पुष्कळदा पाहिलंय. आपल्या माणसानं जवळ बसवून सांगितलं म्हणून कायमचं मोडलेलं पाहिलेलं नाही. एकटीनं जमत नसेल तर पुढच्या तारखेला केंद्रातल्या समुपदेशकाला आधी बाजूला घेऊन सांगा, ‘आज सांगायचंय’. ती सांगेल, पण तुम्ही उठून बाहेर जाऊ नका. त्याचा हात धरून तिथंच बसा.

माझं बाळ अडीच महिन्यांचं आहे. गरोदरपणात चौथ्या महिन्यात माझी तपासणी पॉझिटिव्ह आली, तेव्हापासून रोज रात्री नऊला गोळी घेते. आठव्या महिन्यात व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) चांगला, म्हणजे कमी आला होता. बाळाला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं औषध दिलं. दीड महिन्याला टाचेतून रक्त घेतलं, तो रिपोर्ट निगेटिव्ह आला. घरात फक्त मिस्टरांना माहीत आहे. ते म्हणतात, निगेटिव्ह आला ना, आता परत परत कशाला न्यायचं, लोक विचारतात. दुसरं म्हणजे सासूबाई बाळाला गुटी आणि वरून गाईचं दूध द्यायला बघतात. माझं दूध चालू ठेवू का बंद करू?
*— एक आई, बीड जिल्हा*

ताई, आधी तुमचं कौतुक. चौथ्या महिन्यापासून एकही दिवस न चुकता गोळी घेणं, तेही घरात मिस्टरांशिवाय कुणाला न कळता, हे काय असतं ते मला माहीत आहे. काहीच उपचार झाले नाहीत तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होते. आईनं वेळेवर औषध घेतलं, बाळाला औषध दिलं, तर तो आकडा पाचाच्या खाली येतो. 2014 पासून आपल्याकडे प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला लगेच आणि कायमचं औषध सुरू करतात, ते यासाठीच.

पण मिस्टरांना सांगा, पहिला रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. सहा आठवड्यांचा निगेटिव्ह रिपोर्ट पोटात असताना आणि बाळंतपणात काय झालं ते सांगतो. तुम्ही अंगावर पाजताय तोवर थोडा धोका रोजचा आहे. म्हणून सहाव्या महिन्यात, बाराव्या महिन्यात आणि शेवटी अठराव्या महिन्यात तपासणी. दूध त्यानंतर तोडलंत तर शेवटची तपासणी तोडल्यावर तीन महिन्यांनी. अठरा महिनेच का, तर तुमच्या रक्तातल्या अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते घटक) नाळेतून बाळात उतरलेल्या असतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. तोवर साधी तपासणी पॉझिटिव्ह आली तरी त्या अँटिबॉडी तुमच्या का बाळाच्या, हे कळत नाही. टाचेतून घेतलेलं रक्त खुद्द विषाणू शोधायला असतं. आठवतं ना, सिस्टरनी बाळाचा पाय हातात धरून ऊब दिली, टाच टोचली, पहिला थेंब पुसून टाकला आणि पुढचे थेंब कागदाच्या कार्डावरच्या गोलांत एक एक भरू दिले? ते कार्ड सुकवून प्रयोगशाळेत जातं. बाळ रडतं तेवढं दोन मिनिटं. लोक विचारतात म्हणून ते टाळू नका. लसीची तारीख आहे म्हणा, लस तर प्रत्येक बाळाला असतेच.

इतर जंतूंपासून जपणारं कोट्रायमोक्साझोलचं औषध सहा आठवड्यांपासून सुरू केलं असेल, तेही ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून आपण होऊन बंद करू नका. लागण नाही हे पक्कं होईपर्यंत ते द्यायचं असतं.

दूध चालूच ठेवा. सहा महिने फक्त तुमचं दूध: गुटी नाही, मध नाही, पाणी नाही, गाईचं दूध नाही. वरचं काही पोटात गेलं की बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, शिवाय जुलाब लागतात ते वेगळंच. एखादे दिवशी सासूबाईंनी गुटी चाटवलीच असेल तर घाबरून अंगावरचं तोडू नका. तुमची गोळी रोज चालू आहे, तेच बाळाचं मोठं संरक्षण आहे. सहा महिन्यांनंतर भरडी, वरण-भात सुरू करा आणि अंगावरचं वर्षापर्यंत ठेवा.

सासूबाईंशी तुम्ही वाद घालू नका. गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना घरी बोलवा आणि त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. गावातल्या प्रत्येक बाळासाठी त्या हेच सांगतात, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नाही. आमच्या कितीतरी आयांनी घरातली गुटी अशीच थांबवली आहे.

आणि समजा, पुढच्या एखाद्या तपासणीत पॉझिटिव्ह आलंच, तर एक दिवस घालवू नका. औषधाविना राहिलेल्या लागण झालेल्या बाळांतली निम्मी दुसरा वाढदिवस बघत नाहीत. उलट, दक्षिण आफ्रिकेत 2008 च्या सुमारास एक अभ्यास झाला. त्यात पहिल्या तीन महिन्यांत औषध सुरू केलेल्या बाळांमधले मृत्यू, वाट बघत थांबलेल्यांच्या मानानं 76 टक्क्यांनी कमी होते. औषधही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मी कामाला लागले तेव्हा मुलांसाठीच्या गोळ्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या. त्याआधी मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून द्यायचे. नंतर एक पातळ औषध आलं, ते इतकं कडू की मुलं ओकून टाकायची, आणि ते थंड ठेवावं लागे. फ्रिज नसलेल्या आया बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माठात सोडायच्या. आता डोल्युटेग्राव्हिरची बारीक गोळी मिळते, चमचाभर पाण्यात विरघळते, चवीला गोडसर असते.

मी 17 वर्षांचा आहे. जन्मापासून पॉझिटिव्ह. नीटच्या तयारीसाठी लातूरला खोली घेऊन राहतो, रूममध्ये चौघं. गोळीची बाटली त्यांना दिसेल म्हणून जूनपासून गोळी बंद आहे. तब्येत एकदम ठीक आहे. दोन प्रश्न: मेडिकलला ॲडमिशन घेताना एचआयव्ही टेस्ट करतात का? आणि क्लासमधली एक मुलगी मला आवडते. माझ्यासारख्यानं असा विचार करावा का?
*— नाव नको*

बाळा, तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तब्येत ठीक आहे, कारण इतकी वर्षं घेतलेल्या गोळ्यांची पुण्याई अजून शिल्लक आहे. आतमध्ये विषाणू वाढायला लागलाच असेल. अर्धवट औषधात तो त्याच गोळीला दाद न द्यायला शिकतो, आणि मग पुढची औषधं जास्त, अवघड आणि कमी पर्यायांची. या आठवड्यात केंद्रावर जा. कुणी रागावणार नाही. तुझ्या वयाची मुलं गोळी सोडतात हे आम्हाला नवीन नाही. राहिलेल्या दिवसांच्या म्हणून दोन-दोन गोळ्या घेऊ नकोस. केंद्रात विचारून पुन्हा एक सुरू कर. काही महिने नीट घेतल्यावर व्हायरल लोड करतील, त्यावरून पुढचं ठरेल.

गावाकडे जायला क्लास बुडतो म्हणून टाळत असशील, तर लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे. तुझ्या केंद्रातून ट्रान्सफर मागून घे, हिरवं पुस्तक (तुझ्या उपचारांच्या नोंदींचं) बरोबर ठेव. बाटली गावच्या घरी किंवा कुलपाच्या पेटीत ठेव आणि आठ दिवसांपुरत्या गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत काढ. रात्रीच घ्यावी असा नियम नाही. सकाळी अंघोळीला जाताना घेतलीस तरी चालेल, वेळ मात्र रोज तीच. एक लक्षात ठेव: रूममध्ये कुणी कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं औषध देत असेल, तर ते तुझ्या गोळीबरोबर नको. तुझ्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर त्यामुळे अंगात नीट उतरत नाही. तुझी गोळी आधी घे, ते दोन तासांनी.

ॲडमिशनसाठी टेस्टची सक्ती करता येत नाही. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. शिक्षणात, वसतिगृहात, नोकरीत भेदभाव करायला त्यानं बंदी घातली आहे. तू डॉक्टर हो. आम्हाला तुझ्यासारखे डॉक्टर हवेतच.

मुलीचं. आवडू दे की. सतरा वर्षांच्या मुलाला मुलगी आवडते, त्यात तुझ्या आजाराचा काय संबंध? मैत्री कर, बोल. शरीराच्या जवळिकीला मात्र थांब: तुम्ही दोघं अठराच्या आत आहात आणि कायदा त्याबाबत कडक आहे, शिवाय आत्ता तुझा व्हायरल लोड वर असणार. पुढे कधी लग्नाची गोष्ट निघाली तर आधी तिला सांगायचं, ते टाळता येणार नाही. पण तेव्हा तुझ्या हातात काय असेल ते ऐक. व्हायरल लोड सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच टिकला, तर शरीरसंबंधातून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. युरोपात ‘पार्टनर’ नावानं दोन मोठे अभ्यास झाले. त्यांत कंडोम न वापरणारी हजाराहून जास्त जोडपी होती, आणि औषधावर असलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली एकही लागण सापडली नाही. आमच्या केंद्रात लहानपणापासून येणाऱ्या मुली आता आया झाल्या आहेत. त्यांच्या बाळांचे अठरा महिन्यांचे निगेटिव्ह रिपोर्ट मी स्वतः त्यांच्या हातात दिले आहेत. या सगळ्याची सुरुवात जूनपासून बंद असलेल्या गोळीपासून आहे. उद्या जा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तिसरीत प्रवेशासाठी एक मुलगा आला. आई-वडील दोघंही गेलेले, घरी थकलेले चुलत आजोबा. दाखला घेऊन आली ती त्याची नववीतली बहीण. पालक म्हणून तिची सही चालेल का? गावात मुलाच्या आजाराची कुजबुज आहे. काही पालक म्हणतात, रिपोर्ट मागा.
*— एक शिक्षक, सांगली जिल्हा*

सर, सही चालेल. वर सांगितलेल्या कायद्यातच याची तरतूद आहे, फार कमी लोकांना माहीत आहे. एचआयव्हीची झळ लागलेल्या घरात बारा ते अठरा वर्षांचं समजदार भावंड धाकट्याचं पालक म्हणून काम करू शकतं. शाळेचा प्रवेश, बँकेचं खातं, दवाखाना, सगळ्याला. मुख्याध्यापकांना कायद्याची प्रत दाखवा.

रिपोर्ट मागायचा नाही, कुणी आणून दिला तरी फाइलला लावायचा नाही. एकत्र बसून, एका ताटात जेवून, एका नळावर पाणी पिऊन एचआयव्ही होत नाही, हे पालकांना तुम्ही वर्गशिक्षक म्हणून सांगा, पण या मुलाचा विषय न काढता. खेळताना कुणाचाही गुडघा फुटला तर हातमोजे घालून जखम धुवायची, ही सवय सगळ्याच मुलांसाठी लावा.

गावात कुणी सुचवेल की दोघांना संस्थेत पाठवा. पंढरपूरची पालवी, हासेगावचं सेवालय यांच्यासारख्या संस्थांनी ज्यांना कुणीच नाही अशी मुलं वाढवली आहेत, त्यांचे उपकार आहेत. पण इथं आजोबा आहेत, बहीण आहे. घर टिकत असेल तर टिकवावं. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बाल संगोपन योजनेचा अर्ज भरून द्या, मुलामागे महिना 2250 रुपये मिळतात. आजोबांना ते कागद एकट्यानं जमणार नाहीत, एक दिवस रजा टाकून तुम्हीच बरोबर जा. 1097 हा एचआयव्हीच्या मदतीसाठीचा मोफत क्रमांकही त्यांना लिहून द्या.

आणि सर, त्या बहिणीकडे बघा. तिची स्वतःची तपासणी कधी झाली आहे का, हे एकांतात, एखाद्या बाईशिक्षिकेकडून विचारून घ्या. भावाला दर महिन्याला केंद्रात नेण्यात तिची हजेरी कमी भरेल. त्या कारणानं तिचं नाव पटावरून कमी होऊ देऊ नका. पुढच्या वर्षी तिची दहावी आहे.